नूट रॉकनी : श्रेय गुरूचे की शिष्यांचे?

संघ जिंकला की प्रशिक्षकाची वाहवा होते आणि संघ हरला की त्याच प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची मागणी होते. मैदानात धावतो, पडतो, हाडे मोडून घेतो तो खेळाडू. प्रशिक्षक तर रेषेबाहेर उभा असतो. मग यशातला त्याचा वाटा नेमका किती? क्रिकेटवेड्या आपल्या देशाला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मात्र तो शंभर वर्षांहून अधिक काळ वादाचा विषय राहिला आहे आणि त्या वादात एक नाव हमखास घेतले जाते. ते म्हणजे नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे प्रशिक्षक नूट रॉकनी.

१९१८ ते १९३० या तेरा हंगामांत रॉकनी यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. १९१९, १९२०, १९२४, १९२९ आणि १९३० या पाच वर्षी तर संघाने खेळलेला प्रत्येक सामना जिंकला. या यशाचे मानकरी कोण, याचे उत्तर आकड्यांत मिळत नाही. त्यासाठी रॉकनी यांच्या जीवनाकडेच वळावे लागते.

नॉर्वेतून शिकागोकडे

नूट रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वे देशातील व्हॉस या गावी एका लुथरनपंथीय कुटुंबात झाला. वडील लार्स हे घोडागाड्या बनवणारे कुशल कारागीर होते. १८९३ साली शिकागो येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते, हे आपणांस ठाऊक आहेच. लार्स आपली कारागिरी घेऊन या प्रदर्शनासाठी अमेरिकेत आले आणि पाठोपाठ त्यांचे कुटुंबही आले. त्या वेळी नूट पाच वर्षांचे होते.

शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्तीत ते वाढले. रस्त्यावरील मुलांबरोबर खेळताना त्यांना फुटबॉलचे वेड लागले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शाळेनंतर त्यांनी काही वर्षे टपाल खात्यात नोकरी केली आणि पै-पै साठवून १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला.

इंडियाना राज्यातील साऊथ बेंड शहराजवळचे हे विद्यापीठ होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापन केले. 'नोटर डेम' म्हणजे आमची माता, अर्थात पवित्र मरिया. वर्गमित्रांपेक्षा वयाने मोठा असलेला हा लुथरन तरुण धर्मगुरूंच्या या विद्यापीठात केवळ रुळला नाही, तर अभ्यासातही चमकला. रसायनशास्त्राचे नामांकित संशोधक फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. ज्यांच्या संशोधनातून पुढे कृत्रिम रबर तयार झाले, तेच हे फादर न्यूलँड. १९१४ साली रॉकनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. विद्यापीठाने त्यांना रसायनशास्त्र शिकवण्याचे काम देऊ केले. फुटबॉल संघाच्या प्रशिक्षणातही साहाय्यक म्हणून घ्यावे, या अटीवर त्यांनी ते स्वीकारले. त्याच वर्षी बॉनी स्काइल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पुढे चार अपत्ये झाली.

खेळाचे स्वरूप

पुढील कथा समजण्यासाठी या खेळाची थोडी ओळख हवी. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. येथे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो तो चढाई करतो व दुसरा ती अडवतो. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, अन्यथा तो प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाऊन' होतो.

रॉकनी यांच्या काळी चढाईच्या अकरांपैकी सात जण आघाडीच्या फळीत उभे राहत आणि चौघे त्यांच्या मागे. आघाडीचे सात प्रतिस्पर्ध्याला अंगाने रेटून वाट मोकळी करत आणि त्या वाटेने मागच्या चौघांपैकी एक जण चेंडू घेऊन धावे. प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरे तो धावणारा. ज्यांनी वाट केली ते सात जण मातीत पडलेले असत.

१९०६ पूर्वी चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास बंदी होती. त्यामुळे खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी झाली होती. त्या रेटारेटीत तरुणांचे बळी जाऊ लागल्याने नियम बदलण्यात आले व पुढे चेंडू फेकण्यास मुभा मिळाली. सेंट लुईस येथील येशूसंघीयांच्या विद्यापीठाने प्रशिक्षक एडी कोचेम्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच वर्षी या नव्या अस्त्राचा यशस्वी वापर केला.

समुद्रासारख्या सरोवराच्या काठी

१९१३ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रॉकनी आणि त्यांचे मित्र गस डोराय हे ओहायो राज्यातील सीडर पॉइंट या पर्यटनस्थळी नोकरीसाठी गेले होते. ईरी सरोवराच्या वाळूत फावल्या वेळात दोघे चेंडू फेकण्याचा व पळता पळता झेलण्याचा सराव करत. चेंडू छातीशी कवटाळून न घेता हातांच्या पंजांत अलगद घ्यायचा आणि धाव मंदावू द्यायची नाही, हे त्यांनी घोटून घोटून अंगवळणी पाडले.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमचा संघ वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाविरुद्ध उतरला. डोराय यांनी चेंडू १७ वेळा फेकला आणि त्यांपैकी १४ वेळा तो आपल्याच गड्याच्या हाती पडला. त्यातून २४३ यार्डांची मजल मारली गेली. नोटर डेमने ३५-१३ असा विजय मिळवला आणि मध्य-पश्चिमेकडील एका अल्पपरिचित कॅथलिक विद्यापीठाचे नाव देशभर झाले.

पुढील काळात अनेकांना वाटू लागले की चेंडू पुढे फेकण्याची युक्ती रॉकनी यांनीच शोधून काढली. ते खरे नव्हते. युक्ती सात वर्षांपूर्वीच वापरात आली होती. तिला डावपेचांत स्थान देणारे प्रशिक्षक जेसी हार्पर होते. फेकणारे हात डोराय यांचे होते. रॉकनी झेलणाऱ्यांपैकी एक होते. श्रेय एकाच माणसाच्या नावावर कसे जमा होत जाते, याचे हे पहिले उदाहरण. पुढे आयुष्यभर रॉकनी यांना या प्रवृत्तीचा लाभही झाला आणि जाचही.

शिट्टी वाजण्यापूर्वीचे काम

१९१८ साली हार्पर निवृत्त झाले आणि रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या चढाईचा गाभा होता 'शिफ्ट', म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या क्षणापूर्वी मागच्या चौघांनी एका तालात उडी घेऊन जागा बदलणे. प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच चढाई सुरू होई. ही पद्धतही त्यांना वारशाने मिळाली होती. शिकागो विद्यापीठाचे अमोस अलोन्झो स्टॅग यांच्याकडून ती हार्पर यांच्याकडे आली आणि हार्पर यांच्याकडून रॉकनी यांच्याकडे. रॉकनी ही परंपरा मोकळेपणाने सांगत. त्यांनी भर घातली ती अचूकतेची. प्रयोगशाळेत द्रव्ये मोजून घेणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने मैदानावर पावले मोजली. धिप्पाड शरीरापेक्षा त्यांनी चपळाई, ताल आणि हुलकावणी यांना महत्त्व दिले. ही शिफ्ट इतकी प्रभावी ठरली की नियम करणाऱ्यांनी पुढे जागा बदलल्यावर खेळाडूंनी काही काळ पूर्ण स्थिर राहावे, असे बंधन घातले.

आजच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आज प्रशिक्षक कानाला यंत्र लावून प्रत्येक चढाई स्वतः ठरवतो व तिची सूचना मैदानात पाठवतो. रॉकनी यांच्या काळी असे करणे नियमबाह्य होते. सामना सुरू झाल्यावर रेषेबाहेरून खेळाडूंना सूचना देण्यास मनाई होती. पुढची चाल कोणती, हे मैदानातील क्वार्टरबॅक ठरवत असे. म्हणजेच शिट्टी वाजली की प्रशिक्षकाच्या तोंडाला कुलूप लागे. त्याने काय शिकवले आहे, कोणाला कोठे उभे केले आहे आणि मुलांच्या मनात काय पेरले आहे, एवढेच काय ते मैदानात उतरे. प्रशिक्षकाचे श्रेय मोजायचे तर यापेक्षा चोख कसोटी सापडणे कठीण.

जॉर्ज गिप

काही देणग्या मात्र कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही. जॉर्ज गिप हा तरुण बेसबॉल खेळण्यासाठी विद्यापीठात आला होता. सहज गंमत म्हणून चेंडूला लांबच लांब लाथा मारताना रॉकनी यांच्या दृष्टीस तो पडला आणि त्यांनी त्याला फुटबॉलकडे वळवले, असे सांगितले जाते. धावणे, फेकणे, लाथ मारणे या तिन्हींत गिप निष्णात होता. चेंडू घेऊन धावत त्याने एकूण २,३४१ यार्ड मिळवले. विद्यापीठातील हा विक्रम पन्नासहून अधिक वर्षे अबाधित राहिला. परंतु त्याला शिस्तीचे वावडे होते. वर्गात तो क्वचितच दिसे आणि पत्ते व जुगार यांत रमे. रॉकनी यांनी त्याच्या गुणांकडे पाहून त्याच्या दोषांकडे कानाडोळा केला, ही टीका त्या वेळीही झाली आणि ती निराधार नव्हती.

१४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या संसर्गातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने गिपचे वयाच्या पंचविसाव्या वर्षी निधन झाले. आठ वर्षांनी, १९२८ साली, रॉकनी यांचा संघ दुबळा होता. लष्करी अकादमीविरुद्धच्या सामन्याच्या वेळी रॉकनी यांनी मुलांना गिपची अखेरची इच्छा सांगितली. एखाद्या बिकट प्रसंगी आपल्या नावाने एक सामना जिंकावा, अशी विनंती त्याने मृत्युशय्येवर केली होती, असे ते म्हणाले. मुले पेटून उठली व सामना १२-६ असा जिंकली. गिपने खरोखरच असे काही म्हटले होते का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. रॉकनी यांना कथा रंगवण्याची हौस होती, हे निश्चित. एकदा त्यांनी आपला लहानगा मुलगा रुग्णालयात असल्याची तार मुलांना वाचून दाखवली. संघ जिंकून परतला तेव्हा तोच मुलगा स्थानकावर ठणठणीत उभा होता, अशी आठवण खेळाडूंनी पुढे सांगितली. शब्दांनी मने पेटवण्याची शक्ती ही प्रशिक्षकाच्या यशाचा भाग असेलही, पण प्रत्येक वेळी ती सत्याला धरून होती असे म्हणता येत नाही.

चार घोडेस्वार आणि सात खेचरे

१९२२ सालच्या हंगामात संघाचा फुलबॅक पॉल कॅसनर याच्या कमरेचे हाड मोडले. रॉकनी यांनी त्याच्या जागी वजनदार खेळाडू न आणता एल्मर लेडन या हलक्या पण वेगवान मुलाला उभे केले. हॅरी स्टुलड्रेअर, जिम क्रॉली आणि डॉन मिलर हे तिघे जोडीला होतेच. अशा रीतीने एका अपघातातून आणि एका धाडसी निर्णयातून अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध चौकडी जन्माला आली. चौघांपैकी एकाचेही वजन पंचाहत्तर किलोच्या पुढे नव्हते. पुढील दोन्ही हंगाम धरून तीन वर्षांत या संघाला दोनच पराभव पत्करावे लागले व दोन्ही नेब्रास्का विद्यापीठाकडून.

१८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे या संघाने लष्करी अकादमीवर १३-७ अशी मात केली. क्रीडापत्रकार ग्रँटलंड राइस यांनी आपल्या वृत्तान्तात या चौघांना योहानाला झालेल्या प्रकटीकरणातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. विद्यापीठाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याने लगोलग चौघांना खऱ्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढून घेतले. ते देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. श्रेयाच्या वाटपात लेखणी आणि कॅमेरा यांचाही हात असतो तो असा.

या चौघांसाठी वाट मोकळी करणाऱ्या आघाडीच्या सातांना मग 'सात खेचरे' असे नाव पडले. त्यांचा नायक ॲडम वॉल्श त्या न्यूयॉर्कच्या सामन्यात हाताची हाडे मोडलेली असताना खेळला होता. त्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठी आहे. घोडेस्वारांना गर्व चढू नये म्हणून रॉकनी यांनी एकदा पहिल्या फळीतील सात जणांना बाजूला बसवून त्यांच्या जागी राखीव खेळाडू उतरवले आणि चौघांना एक पाऊलही टाकणे मुश्कील झाले, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका अधिक बोलकी आहे. घोडेस्वार महत्त्वाचे की खेचरे, यावर संघात मतदान घेण्यात आले. खेचरांचा सात विरुद्ध चार मतांनी विजय झाला!

हे यश केवळ खेळाचे नव्हते. त्या काळी इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेचे मोठे प्रस्थ होते. मे १९२४ मध्ये साऊथ बेंडमध्ये तिचे सदस्य जमले असता विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांच्याशी भिडले. कुलगुरू फादर मॅथ्यू वॉल्श यांनी मुलांना आवरून परत नेले. त्याच वर्षी शरद ऋतूत याच विद्यापीठाच्या संघाने देश जिंकला. आयरिश, पोलिश, इटालियन अशा गरीब स्थलांतरित कॅथलिकांना हा संघ आपला वाटू लागला. ज्यांनी महाविद्यालयाचे तोंडही पाहिले नव्हते, अशा लाखो कामगारांची मान या विजयाने ताठ झाली.

१ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बाऊल सामन्यात नोटर डेमने स्टॅनफर्ड विद्यापीठाला २७-१० असे हरवले. आकडे पाहता चढाईत स्टॅनफर्डने अधिक यार्ड मिळवले होते. परंतु लेडन याने प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू दोनदा मध्येच झेलून थेट टचडाऊन केले. ज्या चढाईचे पोवाडे गायले गेले, त्या संघाचा सर्वांत मोठा विजय बचावाच्या बळावर मिळाला होता.

श्रद्धेकडे प्रवास

रॉकनी यांनी पंधरा वर्षे कॅथलिक वातावरणात घालवली, पण धर्मांतरासाठी त्यांच्यावर कोणी दबाव आणला नाही. एका प्रवासाचा प्रसंग ते सांगत असत. सामन्याच्या आदल्या रात्री चिंतेने झोप न आल्याने पहाटे ते खाली उतरले, तर त्यांचे खेळाडू विश्रांती सोडून मिस्साबलिदानास निघालेले दिसले. ज्यांना आपण शिकवतो, त्यांच्याजवळ आपल्यापाशी नसलेले काहीतरी आहे, ही जाणीव त्यांच्या मनात घर करून राहिली. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या जुन्या प्रार्थनामंदिरात फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. गुरूने शिष्यांकडून घेतलेला हा धडा होता.

दोन कसोट्या

रॉकनी यांच्या जीवनातील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते.

पहिला प्रसंग २७ नोव्हेंबर १९२६ चा. त्या हंगामात संघ अजिंक्य होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी टेक या संघाशी गाठ होती व विजय गृहीत धरलेला होता. रॉकनी त्या सामन्याला गेलेच नाहीत. ते शिकागोत लष्कर विरुद्ध नौदल हा गाजलेला सामना पाहण्यास गेले आणि संघ साहाय्यकाच्या स्वाधीन केला. कार्नेगी टेकने नोटर डेमचा १९-० असा धुव्वा उडवला. प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीने मुलांना एकच संदेश दिला होता, की हा सामना महत्त्वाचा नाही.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. आदल्या वर्षी संघाने पाच सामने जिंकले होते व चार गमावले होते. प्रशिक्षक म्हणून रॉकनी यांचा तो सर्वांत वाईट हंगाम. त्यातच आता त्यांच्या पायाच्या नसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. डॉक्टरांनी अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले. नवे क्रीडागार बांधून होत असल्याने सर्व सामने बाहेरगावी होते. अनेक सामन्यांत मैदानावरची धुरा टॉम लीब या साहाय्यकाने वाहिली. रॉकनी आजारपणातून सराव पाहत व ध्वनिवर्धकावरून सूचना देत. कार्नेगी टेकविरुद्धच्या सामन्याला ते डॉक्टरांचा सल्ला डावलून चाकांच्या खुर्चीत बसून गेले. त्या वर्षी नऊपैकी नऊ सामने जिंकले गेले.

दोन्ही वेळी प्रशिक्षक नेहमीच्या जागी नव्हते. एकदा दाणादाण उडाली, एकदा संघ अजिंक्य ठरला. फरक शरीराने हजर असण्याचा नव्हता. पहिल्या वेळी त्यांचे लक्ष दुसरीकडे होते, दुसऱ्या वेळी अंथरुणावरूनही ते मुलांपाशीच होते. आणि दुसऱ्या वेळी एक साहाय्यक, ज्याचे नाव आज कोणास आठवत नाही, सामन्यामागून सामने संघ सांभाळत होता. त्याचा वाटाही या हिशेबात धरलाच पाहिजे.

१९३० साली प्रकृती सावरल्यावर रॉकनी यांनी क्वार्टरबॅक फ्रँक कॅरिडिओ याच्या जोडीला वेगवान खेळाडू उभे करून दहाच्या दहा सामने जिंकले. ६ डिसेंबर रोजी लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर २७-० असा विजय मिळाला. तो त्यांचा अखेरचा सामना ठरला.

अकाली अंत

३१ मार्च १९३१ रोजी, पवित्र आठवड्यातील मंगळवारी, रॉकनी चित्रपटाच्या कामासाठी विमानाने कॅन्सस सिटीहून लॉस एंजेलिसकडे निघाले. कॅन्सस राज्यातील बझार या खेड्याजवळ विमान कोसळले व आतील आठही जण मृत्यू पावले. विमानाचा पंख लाकडी होता आणि ओलाव्याने त्याचे जोड कमकुवत झाले होते. या दुर्घटनेने देश हादरला आणि विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले. मृत्युसमयी रॉकनी यांचे वय ४३ होते.

पवित्र शनिवारी, ४ एप्रिल रोजी, विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या मंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला व तो आकाशवाणीवरून देशभर ऐकवण्यात आला. नॉर्वेच्या राजाने आपला प्रतिनिधी पाठवला. शवपेटीला खांदा दिला तो संघातील सहा खेळाडूंनी.

शिल्लक काय राहिले?

रॉकनी गेल्यानंतरचा काळ हीही एक कसोटीच होती. त्यांनी प्रत्यक्ष घडवलेली मुले संघात होती तोवर, १९३१ आणि १९३२ साली, विजय अधिक व पराभव थोडे राहिले. ती मुले एकेक करून पदवी घेऊन बाहेर पडली. १९३३ साली संघाला तीनच विजय मिळाले आणि पाच सामने गमवावे लागले. मैदान तेच होते, विद्यापीठ तेच होते, देशभरातून येणारे होतकरू तरुणही होते. केवळ खेळाडूंच्या अंगच्या गुणांवर यश मिळत असते, तर ही घसरण झाली नसती.

दुसरीकडे, त्यांचे शिष्य जेथे गेले तेथे त्यांची विद्या घेऊन गेले. लेडन यांनी १९३४ पासून नोटर डेमचा संघ पुन्हा उभा केला. १९२९ च्या संघातील फ्रँक लेही यांनी पुढे तेथेच १९४३, १९४६, १९४७ आणि १९४९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. क्रॉली यांनी फोर्डम या येशूसंघीय विद्यापीठात व्हिन्स लोम्बार्डी नावाच्या खेळाडूला शिकवले. १९१८ साली रॉकनी यांच्या हाताखाली खेळलेल्या कर्ली लॅम्बो यांनी ग्रीन बे पॅकर्स हा व्यावसायिक संघ स्थापन केला आणि चार दशकांनी त्याच संघाचे प्रशिक्षक होऊन लोम्बार्डी कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोच्च चषक आज लोम्बार्डी यांच्या नावाने ओळखला जातो.

यशात प्रशिक्षकाचा वाटा किती, याचे उत्तर टक्क्यांत देता येत नाही. गिपचे पाय रॉकनी यांनी दिले नव्हते, वॉल्शची सहनशक्तीही दिली नव्हती. शिफ्ट स्टॅग यांची, पुढे फेकलेला चेंडू डोराय यांचा, कीर्ती काही अंशी राइस यांच्या लेखणीची. एवढे सारे वजा केल्यावर जे उरते ते मात्र निश्चितपणे रॉकनी यांचे होते. हलक्या मुलाला जड जागेवर उभे करण्याची नजर, अकरा जणांची पावले एका तालात आणण्याची चिकाटी आणि आपण बोलू शकणार नाही त्या घटकेसाठी शिष्यांना तयार ठेवण्याची दूरदृष्टी त्यांच्यापाशी होती. १९२६ चा पराभव सांगतो की हे काम एकदाच करून भागत नाही.

आपल्या शाळांतील शिक्षक, गायनवृंदाला सूर लावून देणारे मार्गदर्शक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या भगिनी यांचे कामही याच जातीचे असते. परीक्षा देतो विद्यार्थी, गातो वृंद. शिकवणारा त्या वेळी रेषेबाहेर उभा असतो. त्याला सारे श्रेय देणे अन्यायाचे आणि काहीच न देणे कृतघ्नपणाचे. रॉकनी यांच्या संघातील मतदानात खेचरांनी घोडेस्वारांना हरवले. त्या मतदानाची कथा टिकून राहिली आहे. तीत प्रशिक्षकाचे नाव मतपत्रिकेवर कोणी लिहिल्याचे मात्र ऐकिवात नाही.